देवाजीभाऊंची रिकामी फेरी

कुरखेड्याच्या बसस्टँडसमोर गेल्या हिवाळ्यात एक फ्लेक्स लागला होता. "सर्पमित्र देवाजीभाऊ यांना भावपूर्ण श्रद्धांजली." मध्ये देवाजीभाऊंचा फोटो, दोन्ही तळहातांची ओंजळ पुढे केलेली, आणि त्या ओंजळीतून फणा काढून उभा राहिलेला नाग. खाली शोकाकुल मंडळींचे अकरा चेहरे. त्यांतले नऊ हसरे. वडशाच्या बसला वेळ होता म्हणून मी ते अकराही चेहरे निरखून पाहिले, आणि माझं डोकं इतकं फिरलं की बस आली तरी मी चढले नाही. पुढच्या बसने गेले.

त्या फ्लेक्सवर नाव तेवढं बरोबर होतं. देवाजीभाऊंनी उभ्या जन्मात नाग हातात धरला नव्हता. सर्पमित्र या शब्दाचा त्यांना मनापासून तिटकारा होता. आणि खालच्या चेहऱ्यांत सर्वांत मोठे छापलेले जे तीन होते, त्यांनीच त्यांची शिंदबोडी उकरून टाकली होती. मेलेल्या माणसाला असं छापून त्याच्याखाली स्वतःचे दात दाखवायला माणूस किती निगरगट्ट असावा लागतो, ते मला त्या दिवशी कळलं. म्हणून हे लिहिते आहे. फ्लेक्स फाटून जाईल, पण तोवर शंभर माणसांनी तो खरा मानलेला असेल.

मी वडशाच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. आमचा एक हौशी गट आहे. गडचिरोली-चंद्रपूरच्या गावागावांतली वीस-पंचवीस माणसं आपापल्या भागातले बेडूक, साप, सरडे, कासवं पाहतात, ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळी जाऊन मोजतात आणि एका साध्या तक्त्यात लिहून पाठवतात. पगार नाही, गणवेश नाही, पावसाळ्यात पाय सडतात ते वेगळंच. ते तक्ते गोळा करून संगणकावर चढवायचं काम माझ्याकडे. देवाजीभाऊ त्या वीस-पंचविसांतले एक. कुरखेड्याच्या अलीकडच्या एका गावातले ढिवर, साठीच्या पुढचे, शाळा सातवीपर्यंत. मासे धरणं, आवतभर, म्हणजे एका नांगरापुरतं, धान पिकवणं आणि गावामागच्या शिंदबोडीवर नजर ठेवणं, एवढाच त्यांचा संसार. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. हिच्या एका कोपऱ्यात शिंदीची झाडं होती म्हणून शिंदबोडी.

पहिल्यांदा ते मला दिसले ते शाळेच्या हॉलमध्ये, आमच्या प्रशिक्षणाच्या दिवशी. चंद्रपूरहून आलेले एक तज्ज्ञ पडद्यावर चित्रं दाखवून जाती ओळखायला शिकवत होते. पांढराशुभ्र सदरा घातलेला, मागच्या बाकावरचा एक माणूस दर चित्राला हात वर करायचा आणि एकच प्रश्न विचारायचा: "साहेब, हा बेंडूक कोन्या महिन्यातला हाय?" दोनदा लोक हसले, तिसऱ्यांदा साहेब वैतागले. महिन्याचा काय संबंध, असं त्यांनी विचारलं. देवाजीभाऊ उठून पडद्याजवळ गेले. एक पिवळाजर्द बेडूक आणि एक हिरवा, अशा दोन वेगळ्या जाती म्हणून जी चित्रं दाखवली होती, त्यांवर त्यांनी बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे दोन नाई, हा एकच हाय. आखाडात पिवळा दिसन, भादव्यात हिरवा. नवरदेवाले हळद लागते तशी लागते त्याले." साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि जेवणाची सुट्टी जाहीर केली. दुपारी चित्र बदललेलं होतं. देवाजीभाऊंना कोणी शाबासकी दिली नाही, आणि त्यांचंही तिकडे लक्ष नव्हतं, ते वरणभातात गढलेले होते.

त्यांच्या सदऱ्याला दोन खिसे असत, मुद्दाम शिवून घेतलेले. डाव्या खिशात चिचोके. एक बेडूक दिसला की एक चिचोका डावीकडून उजवीकडे. बोडीला एक फेरी पूर्ण झाली की उजवा खिसा उलटा करायचा, चिचोके मोजायचे आणि आकडा लिहायचा. आमच्यातले बाकीचे "अंदाजे चाळीस" लिहीत. देवाजीभाऊ सदतीस लिहीत, किंवा एकेचाळीस. चाळीस लिहिलं तर चाळीसच असत. अंदाजे हा शब्द त्यांच्या कानाला शिवीसारखा लागे. "अंदाजे म्हंजे घरी बसून," असं ते म्हणत, आणि माझ्याकडे अशा नजरेने बघत की माझ्या हातून झालेले सगळे अंदाज मला आठवत.

तक्त्यात शेवटचा रकाना शेऱ्याचा. तो त्यांनी कधी भरला नाही. शेरा साहेबलोकांनी लिहायचा, आपण मोजायचं, अशी त्यांची वाटणी. हात लावायचा नाही हा दुसरा नियम. प्राण्याला हात लावला की मोजणी बिघडते, तो पळतो, दुसरीकडे जाऊन बसतो आणि परत मोजला जातो. गावातल्या एका घरी धामण निघाली, तेव्हा तालुक्याहून मोटारसायकलवर एक सर्पमित्र आला. त्याने धामण धरली, गळ्यात घातली, आणि दहा जणांच्या मोबाईलसमोर दहा तऱ्हेने उभा राहिला. धामण बिचारी तोंड वासून दमलेली. देवाजीभाऊ पुढे झाले, त्या पोराच्या गळ्यात हात टाकला आणि घट्ट आवळून मोबाईलवाल्यांना म्हणाले, आता काढा. पोरगं गुदमरायला लागलं तशी धामणही सुटली आणि पोरगंही. घरमालकाला मात्र ते शांतपणे सांगून आले, की ती तुमच्या धान साठवायच्या ढोलीतले उंदीर खायला आली होती, आता मांजर पाळा.

झाडीपट्टीच्या नाटकांचं त्यांना भयंकर वेड. दंडारीच्या जुन्या लोकनाट्यापासून आधुनिक नाटकापर्यंत काही सोडत नसत. वडशाच्या एका कंपनीचं नाटक त्यांच्या गावी झालं, त्यात खलनायक धामण चावून मरतो. हे पाहून अख्खं गाव रडलं, देवाजीभाऊ तेवढे फणफणत बसले. सकाळी नाटक सुटल्यावर ते रंगपटात गेले आणि तोंडावरचा रंग पुसणाऱ्या खलनायकाला म्हणाले की धामणीला विष नसतं, तुमच्या नाटकापायी उद्या चार गावांत धामणी मरतील. आश्चर्य म्हणजे त्या लोकांनी ऐकलं. पुढच्या गावी खलनायक नाग चावून मेला. हे सांगताना देवाजीभाऊ खूश असत. नाटकवाले ऐकतात, असं ते म्हणत. कोण ऐकत नाही, ते पुढे कळलं.

पण त्यांची खरी ओळख म्हणजे रिकामी फेरी. आमच्या गटात उन्हाळ्यात कोणी मोजायला जात नाही. बोड्या आटतात, जमीन भेगाळते, बेडूक जमिनीत जाऊन झोपतात, दिसणार काय? देवाजीभाऊ मात्र चैत्र-वैशाखातही दर पंधरा दिवसांनी ठरलेल्या वेळी कोरड्या शिंदबोडीला पूर्ण फेरी घालत, तासभर शिंदीखाली बसत आणि तक्त्यातल्या प्रत्येक जातीपुढे शून्य लिहून सही करत. एकदा मे महिन्यात मी तक्ते न्यायला स्कुटीवर गेले, तेव्हा ते डोक्याला दुपट्टा बांधून तसे बसलेले. उन्हाने डोळे उघडत नव्हते. मी जरा चिडूनच विचारलं की भाऊ, हे कशाला? काही दिसत नाही ते माहीत असताना?

"वडशाच्या टेसनावर गाडी आली नाई त लिहतेत ना, आली नाई म्हनून?" ते म्हणाले. "त्याचा अर्थ रूळ उखडले, असा करते का कोनी?"

मग त्यांनी पायाच्या अंगठ्याने एक भेग दाखवली. "हायेत बाई, इथीच हायेत. दीड हात खाली. झोपून राह्यले."

मग तसं लिहा, असं मी म्हटलं.

"मले दिसले का?" देवाजीभाऊंनी विचारलं. "मी पाह्यलं तेवढंच लिहनार. आन खोदून पाह्यलं त ते मोजनं नाई झालं. घर फोडनं झालं."

लहानपणी बोडीचा गाळ काढताना त्यांनी हे झोपलेले बेडूक पाहिले होते. त्यांच्या वडिलांच्या काळी गाव स्वतः गाळ काढायचं, पण दरवेळी अर्ध्याच बोडीचा, आणि शिंदीचा कोपरा कायम सोडून. का सोडायचा ते कोणी सांगत नसे, सोडायचा एवढं ठरलेलं. आषाढात त्याच कोपऱ्यातून सगळी बोडी पुन्हा बेडकांनी भरे. दिवेलागणीनंतर तिथे उभं राहिलं तर शेजारचा माणूस काय बोलतो ते ऐकू येत नसे. देवाजीभाऊंचे चिचोके तेव्हा पुरत नसत, ते लेकीकडून जास्तीचे मागून आणत.

आता मला माझ्या चुकीचं सांगायला हवं, कारण ते वगळलं तर मीही फ्लेक्सवाल्यांतलीच झाले.

शिंदबोडीचं खोलीकरण आणि सुशोभीकरण मंजूर झालं. मशीनने सगळा तळ उपसायचा, चारी बाजूंनी दगड-सिमेंट, पायऱ्या, बाक, रंगीत फरशा. त्यासाठी बोडीत काय काय जीव आहेत याचा अहवाल लागतो, आणि तो लिहिणाऱ्या सल्लागाराचा माणूस आमच्याकडे आला. अत्यंत गोड बोलला. तुमच्या लोकांचं काम फार मोलाचं आहे मॅडम, शिंदबोडीच्या नोंदी मिळाल्या तर अहवालाला वजन येईल. मी हुरळले. आमच्या तक्त्यांना वजन आहे, असं कोणीतरी म्हणालं होतं ना. मी उन्हाळ्याच्या सुट्टीतच संगणकावर काम करते, हाती ताजे आलेले तक्ते आधी चढवते, त्यामुळे तयार होते ते त्याच दिवसांतले कागद, देवाजीभाऊंच्या रिकाम्या फेऱ्यांचे. पावसाळ्यांचे जाडजूड गठ्ठे घरी कपाटात होते. मी त्याला तयार होते ते दिले आणि म्हटलं की पेपर तपासून झाले की बाकीचे पाठवते. चालेल मॅडम, घाई नाही, असं तो म्हणाला.

घाई का नव्हती ते महिन्याभराने समजलं. अहवालात लिहिलं होतं: सदर जलाशयात उभयचर अथवा सरपटणारे प्राणी आढळून आले नाहीत. आधार, स्थानिक स्वयंसेवकाने अनेक वर्षे सातत्याने केलेल्या नोंदी. आणि खाली देवाजीभाऊंचं पूर्ण नाव. पाच-सहा उन्हाळे ज्या प्रामाणिकपणाने त्या माणसाने उन्हात बसून शून्य लिहिलं, त्याच प्रामाणिकपणाची ही किंमत. खोटारड्याचे कागद असते तर त्यांचा असा उपयोगच झाला नसता, कारण खोटारडा मे महिन्यात बोडीवर जातच नाही.

मी पावसाळ्याचे गठ्ठे घेऊन धावले. अहवाल सादर झालेला आहे, असं उत्तर मिळालं. आम्ही अर्ज केले, आरडाओरडा केला, तेव्हा एकदाची स्थळपाहणी ठरली. वैशाखातच. एक साहेब, सल्लागाराचा तो गोडबोल्या माणूस, गावातले तीन पुढारी, म्हणजे फ्लेक्सवरचे ते तीन मोठे चेहरे, आणि आम्ही दोघं. देवाजीभाऊंची मागणी काही बोडी वाचवा अशीसुद्धा नव्हती. काम करा, पण एकतर शिंदीचा कोपरा सोडा, नाहीतर दोन महिने थांबा, खालचे वर येऊ द्या, मग उपसा. एवढंच. साहेबांनी माझे गठ्ठे वरवर चाळले आणि म्हणाले की हे कागद झाले मॅडम, प्रत्यक्ष काय आहे ते दाखवा. उन्हाळ्याचे कागद मात्र कागद नव्हते, ती वस्तुस्थिती होती! एक तरी बेडूक दाखवा, असं साहेब म्हणाले, आणि तिघं पुढारी हसले.

मी देवाजीभाऊंकडे वळले. मी त्यांना म्हटलं, "भाऊ, खोदा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमी म्हनता?"

"हो. खोदा."

त्यांनी गावातून सब्बल, म्हणजे पहार, मागवली. शिंदीपासून चार पावलांवर, पांढरा सदरा घातलेला तो म्हातारा, त्या उन्हात गुडघ्यावर बसून खोदायला लागला. आधी सब्बलीने, मग खुरप्याने, आणि हातभर खाली गेल्यावर नुसत्या बोटांनी, कारण सब्बल लागली तर खालचा मरेल. पाऊण तास लागला. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. शेवटी देवाजीभाऊंनी दोन्ही हात खड्ड्यात घातले आणि ओंजळ बाहेर काढली. ओंजळीत एक गोल, चिखलाचा गोळाच वाटावा असा बेडूक. त्याने डोळे अर्धे उघडले. देवाजीभाऊंनी ओंजळ साहेबांपुढे केली. जन्मात पहिल्यांदा त्यांनी मोजायच्या जिवाला हात लावला होता. सल्लागाराच्या माणसाने मोबाईलवर फोटो काढला. फ्लेक्सवर ओंजळ तीच होती, फक्त बेडकाच्या जागी नाग.

"एकच?" साहेबांनी विचारलं.

मग म्हणाले की हा तर साधा बेडूक आहे, हा सगळीकडे असतो, आणि गाडीकडे निघाले. देवाजीभाऊंनी माझ्या बाटलीतलं पाणी खड्ड्यात ओतलं, बेडूक परत खाली ठेवला, ओली माती हाताने वर लोटली आणि त्या जागेवर आपला दुपट्टा टाकून सावली केली. मग रिकामी बाटली पुसून माझ्या हातात दिली. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

तिसऱ्या आठवड्यात मशीन आली. दोन दिवसांत सगळा तळ ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून गेला, शिंदीची झाडंसुद्धा गेली. गाळ कुठे कुठे टाकला ते मी विचारलं नाही. गावातल्या बायकांनी सांगितलं की देवाजीभाऊ दोन दिवस ट्रॉल्यांच्या मागे मागे चालत होते आणि ढिगारे हाताने उकरत होते. किती सापडले ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. सापडलेले त्यांनी आपल्या धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, ओलं करून पुरले, एवढं त्यांची लेक म्हणाली.

यावर गटातल्या सगळ्यांनी त्यांना समजावलं की यापुढे रिकामी फेरी लिहीत जाऊ नका, हे लोक तेच हत्यार करतात. मीही समजावलं. तेव्हा मात्र ते भडकले. म्हणाले, ते खोटं करून राह्यले म्हणून मी बी करू काय. इतरांना मी सांगते की शून्य लिहा, पण प्रत्येक शून्यापुढे महिना मोठ्या अक्षरात लिहा, आणि अर्धे कागद कोणाला देऊ नका. हे शहाणपण आलं तेव्हा बोडी राहिली नव्हती.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच वर्षीच्या आषाढात. त्या आठवड्यात पाऊस चांगला झाला होता, रस्त्याकडेच्या डबक्याडबक्यांतून बेडूक ओरडत होते. शिंदबोडीला सिमेंटच्या पायऱ्या झाल्या होत्या, लाल-पिवळ्या फरशा, कठड्यावर पुढाऱ्याचं नाव. पाणी काठोकाठ, स्वच्छ, आणि चहूबाजूंनी शांत. देवाजीभाऊ वरच्या पायरीवर बसलेले होते, तोच पांढरा सदरा, मांडीवर तक्ता. फेरी घालून झाली होती. मी शेजारी बसले. त्यांनी उजवा खिसा उलटा केला. त्यातून काही पडलं नाही. डावा खिसा फुगलेला होता.

त्यांनी एकेका जातीपुढे शून्य लिहिलं, सावकाश, नेहमीच्या गोल अक्षरात. मोजणाऱ्याची सही केली. मग पेन शेवटच्या रकान्यात नेलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा शेरा लिहिला. मला वाटलं होतं ते पुढाऱ्यांना काहीतरी सुनावतील. त्यांनी चारच शब्द लिहिले: हे शून्य माहं नाई.

तक्त्याच्या तळाशी आणखी एक जागा असते, तक्ते गोळा करणाऱ्याच्या सहीची. ती मी घरी जाऊन करते, सगळ्या गठ्ठ्यावर एकदम. त्या दिवशी त्यांनी तक्ता माझ्यापुढे सरकवला आणि पेन दिलं.

"तुमी बी करा, बाई," ते म्हणाले. "इथीच करा."

मी सही केली.